पेन्सिलीतलं बेचाळिसावं नाव

आमच्या शाळेत एक वही होती. तिच्यात नाव आधी पेन्सिलीनं लिहायचं आणि सहा वर्षांनी त्यावर शाई चढवायची, असा नियम मी स्वतःच घालून घेतला होता.

कारंबमाचीत मूल जन्मलं की बाराव्या दिवशी मी बारशाला जायचो. पाळण्यात नाव ठेवून झालं की तिथंच सतरंजीवर बसून ते वहीत लिहायचो आणि मुलाच्या आजीला दाखवायचो. "जागा राखून ठेवली हं," असं म्हणायचो. मग सहा वर्षांनी जूनमध्ये ते मूल आईच्या पदराला धरून रडत शाळेत आलं की मी वही उघडायचो. "हे बघ, तू यायच्या आधीच तुझं नाव इथं येऊन बसलंय." आणि त्याच्यादेखत त्या नावावरून शाईचं पेन फिरवायचो. एकतीस वर्षांत हा उपाय फार थोड्या वेळा फसला. रडणारं मूल आपल्याच नावाकडे बघत राहतं आणि रडायचं विसरतं.

ही गोष्ट दोन हजार त्रेचाळीस सालची. मला निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण माझ्या जागी कोणी शिक्षक आला नाही, म्हणून मानधनावर मीच शिकवत होतो. शाळेच्या पटावर चार मुलं. चौथीतली दुर्वा, दुसरीतला तिचा भाऊ शंभू आणि प्रसूतिकेंद्रातल्या सिस्टरच्या तिसरीतल्या जुळ्या मुली. पाटण तालुक्यात, पवनचक्क्यांच्या पठाराच्या खालच्या अंगाला आमचं गाव आहे. घरं साठ. त्यातली चाळीस कुलूपबंद, कारण माणसं पुण्याला, पनवेलला, सुरतेला.

मात्र प्रसूतिकेंद्र चांगलं होतं. सात वर्षांपूर्वी ते सुरू झालं आणि सिस्टरचा हात असा गुणाचा की गावच्या सगळ्या लेकी बाळंतपणाला माहेरी येऊ लागल्या. त्या सगळ्या माझ्या विद्यार्थिनी. "गुरुजी, माझ्या बाळाचं नाव वहीत नाही घालणार?" असं त्यांनी विचारलं की नाही कसं म्हणायचं? मी घालायचो. सव्वा महिन्यानं, तीन महिन्यांनी बाळ घेऊन त्या सासरी निघाल्या की समासात बारीक अक्षरात गावाचं नाव लिहायचो. पनवेल. पुणे. सुरत. केंद्र सुरू झाल्यापासून अशी एकेचाळीस नावं झाली होती. शाई एकावरही चढली नव्हती. शाईचं शेवटचं नाव शंभूचं. केंद्र उघडण्याच्या थोडं आधी, चुलीशेजारच्या खोलीत जन्मलेला तो गावातला शेवटचा मुलगा.

त्या जानेवारीत माझी मुलगी केतकी बाळंतपणाला आली. ती चिलीत असते, तिथल्या मोठ्या दुर्बिणीवर काम करते. पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिच्या आईनं, म्हणजे वत्सलानं, लग्नातच ठरवून टाकलं होतं. जावयांनी थोडी कुरकुर केली, पण वत्सलापुढे त्यांचं काय चालणार?

आल्यावर आठव्या दिवशीच केतकी म्हणाली, "अण्णा, घरात बसून कंटाळा आला. तुमच्या मुलांना शिकवू?"

सकाळी अकराला ती शाळेत आली, माझ्या खुर्चीत बसली आणि तिनं फळ्यावरच्या पडद्यावर तीन चित्रं लावली. काळ्या पाटीवर खडूचे तीन ठिपके पडावेत तशी. एक निळसर, चकतीसारखं. दुसरं अगदी लहान, पांढरं, घट्ट. तिसरं मोठं, तांबूस, कडेला विरत गेलेलं.

"ही तीन गावं आहेत," केतकी म्हणाली. "ताऱ्यांची. आपण त्यांना दीर्घिका म्हणतो. एकेका गावात हजारो कोटी तारे. आता मला सांगा, यातल्या कुठल्या गावात अजून नवे तारे जन्मतात?"

"निळ्या," दुर्वा म्हणाली.

"कशावरून?"

"ते छान दिसतंय."

केतकी हसली. "कारण सांगते. तारे जन्मतात तेव्हा त्यात थोडे फार मोठे असतात. ते फार तापट असतात आणि तापट तारा निळा दिसतो. त्यांच्याकडे इंधन खूप असतं, पण ते इतकं भराभर जाळतात की लवकर संपतात. म्हणजे निळे तारे दिसले की समजायचं, इथं पाळणा आत्ताच हललाय. पांढरे तारे त्यांच्यापेक्षा शांत, ते शंभर कोटी वर्षं जगतात. आणि पिवळे, तांबडे तर कितीतरी जास्त. आता या दुसऱ्या गावात निळे नाहीत, पण पांढरे भरपूर आहेत. मग काय झालं असेल?"

शंभूनं हात वर केला. "बंद पडलं."

"पण लई दिवस नाही झाले," दुर्वा घाईनं म्हणाली. "लई दिवस झाले असते तर पांढरेपण गेले असते."

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं शिकवल्यावरही एखादं मूल असं पाऊल टाकतं तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. तिच्याही आला असावा.

"बरोबर. नुकतंच थांबलेलं गाव. आणि बघा, ते किती लहान आहे. आपल्याला फार दूरच्या, म्हणजे फार जुन्या काळातल्या अशा दीर्घिका दिसतात, त्या बऱ्याचदा अशाच लहान आणि घट्ट असतात, नाचणीच्या उंड्यासारख्या. आम्हाला वाटतं की तारे ज्यापासून बनतात तो थंड वायू एकदम मध्याकडे कोसळला, तिथं तारेच तारे जन्मले आणि उरलेला वायू तापून, उधळून गेला. तारे बनवायला काही राहिलंच नाही. सगळ्यांचं यावर एकमत नाही अजून. काही गावं सावकाशही थांबतात, ती एवढी लहान नसतात."

"आणि ते मोठं तांबडं?" सिस्टरच्या जुळ्यांपैकी एकीनं विचारलं.

"ते फार पूर्वी थांबलेलं."

"थांबलंय तर मोठं कसं झालं?" दुर्वाचा प्रश्न.

"छान. शेजारच्या छोट्या दीर्घिका त्याच्याकडे ओढल्या जातात आणि त्यांचे तारे कडेकडेनं येऊन राहतात. गाव स्वतः तारे जन्माला घालत नाही, पण बाहेरून आलेल्यांमुळे पसरत जातं."

"म्हणजे पाहुणे."

"परत न जाणारे पाहुणे."

दुर्वा पडद्यावरून केतकीकडे वळली. मग म्हणाली, "ताई, तुमचं बाळ आमच्या शाळेत येणार ना? गुरुजी नाव लिहितील त्याचं."

केतकीनं पोटावर हात ठेवला आणि पुढचं चित्र लावलं.

दीर्घिकेच्या प्रकाशाकडे बघून तिचं जन्मणं कधी थांबलं आणि पुन्हा सुरू होईल का, हे सांगणारं गणित केतकीनं सहा वर्षांपूर्वी बसवलं होतं. प्रकाश मध्यात किती, कडेला किती, त्यातला निळा किती, पांढरा किती, यावरून ते दीर्घिकेचा सगळा इतिहास मांडतं. आता गणिताला तारा आणि माणूस यातला फरक कळत नाही. कोणीतरी त्यात ताऱ्यांऐवजी माणसं घातली, निळ्या ताऱ्यांऐवजी नोंदवलेले जन्म आणि प्रकाशाऐवजी विजेचे मीटर. गाव थांबलंय, थांबतंय की वाढतंय, हे ते अचूक सांगू लागलं. मग सरकारी कार्यालयांनी ते उचललं. कुठं रस्ता करायचा, कुठं दवाखाना, कुठली शाळा ठेवायची, हे ते सांगू लागलं. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं. आमच्या गावात सगळे त्याला 'केतकीचा आकडा' म्हणायचे, आणि तसं म्हणताना माझ्याकडे बघायचे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शाळांची यादी लागली. दोन-दोन गावांचा एक गट आणि गटात एकच शाळा राहणार. आमच्या गटात आम्ही आणि घाटापलीकडची पाथरवाडी. मी यादी उघडली. कारंबमाची हिरव्यात होती. पाथरवाडी तांबड्यात.

सरपंच हौसाबाई पेढ्यांचा पुडा घेऊनच शाळेत आल्या. "काय गुरुजी! लेकीनं गाव राखलं की ओ! आता आणखी पंधरा वर्षं तुमची सुटका नाही."

"पंधरा वर्षांनी मी चौऱ्याऐंशीचा होईन, हौसाबाई."

"मग? काठी टेकत या. छडी समजून पोरं घाबरतील तरी."

मी हसलो. पेढा खाल्ला. खरं सांगतो, त्या दिवशी शाळेच्या पायरीवर बसून मी बराच वेळ नुसता दाराकडे बघत होतो. माझ्या डोळ्यांपुढे दाराबाहेर चपलांची रांग होती, पूर्वी असायची तशी. साठ-साठ जोड. पावसाळ्यात त्या चपला मी आत घ्यायला लावायचो आणि वर्ग चिखलाचा व्हायचा.

दुपारी पाथरवाडीच्या शिक्षिकेचा, रेश्मा गुरवचा फोन आला. पोर तिशीतली. अडलं की मला विचारायची. आज तिचा आवाज दबलेला होता. "गुरुजी, अभिनंदन. तुमची शाळा राहिली. पण जूनला पहिलीत येणारी धरून माझी सतरा पोरं आहेत हो. यादीत म्हटलंय, कारंबमाचीला पाठवा. अकरा किलोमीटर घाट. एक जीप मंजूर आहे, तीत मुलं बसणार सहा. बाकीच्यांना तालुक्याच्या वसतिगृहात घालायला सांगतायत."

"सतरा?" मी विचारलं. "मग तांबडं कसं आलं?"

"काय माहीत. मशीनला माझी पोरं दिसलीच नाहीत."

दोन दिवसांनी मी पाथरवाडीला गेलो. तिला धीर द्यायला, असं मी स्वतःला सांगितलं. पठारावरच्या पवनचक्क्या दुरुस्त करणारी तरुण माणसं गेल्या काही वर्षांत तिथं घरं करून राहिली आहेत. गावात शिरलो तर एका दारात बाळ रांगत होतं, दुसऱ्या दारात एकाला तेल लावणं चाललं होतं, तिसऱ्या घरातून रडणं ऐकू येत होतं. मी बारा पाळणे मोजले.

"ही सगळी इथलीच?" मी एका मुलीला विचारलं. नवी नवरी दिसत होती, मांडीवर सहा महिन्यांचा मुलगा.

"इथलीच की."

"म्हणजे जन्म इथला?"

"जन्म माझ्या माहेरचा, कोरेगावचा." ती हसली. "इथं कुठं दवाखाना? सगळ्याजणी माहेरी जातो, सव्वा महिन्यानं बाळ घेऊन येतो. आणि माझ्या कार्डावर पत्ता अजून माहेरचाच आहे. लग्न झालं म्हणून नाव, पत्ता कशाला बदलायचा? आता कोणीच बदलत नाही."

मी जीपनं परत निघालो. चालकानं दोनदा विचारलं, "गुरुजी, घाट लागतोय का?" मी हो म्हणालो.

त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी, केतकीला मुलगी झाली. मी बाळ हातात घेतलं. नेमकं केव्हा ते आठवत नाही, पण मी तिच्या कानाशी लागून "जागा राखून ठेवतो हं," असं म्हणालो. सवयीनं.

बाराव्या दिवशी बारसं झालं. गावातल्या होत्या तेवढ्या बायका आल्या. जावई पडद्यावरून बघत होते, तिकडे पहाट झाली होती. केतकीनं बाळाचं नाव 'मघा' ठेवलं, नक्षत्रावरून. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटल्या आणि सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. वत्सलानं वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. मी पेन्सिलीला टोक केलं आणि लिहिलं: मघा.

"बेचाळीस झाली!" हौसाबाई ओरडल्या. "केंद्रातली बेचाळीस. आकडा आणखी हिरवा."

माझा हात तिथंच थांबला. मी वहीचं मागचं पान उलटलं. त्याच्या मागचं उलटलं. समासात खालपर्यंत गावांची नावं होती. मी स्वतःच्या हातानं लिहिलेली. पनवेल, पुणे, सुरत, ठाणे, पुणे, पुणे. ज्यांच्या बळावर माझी शाळा हिरवी झाली ती एकेचाळीस मुलं या पानात होती, आणि त्यातलं एकही इथं झोपत नव्हतं. पाथरवाडीत झोपणारी मुलं कोरेगावच्या, कराडच्या, वाईच्या खात्यावर पडली होती. आम्ही हिरवे होतो, कारण आमच्या लेकी माहेरी येत होत्या. ते तांबडे होते, कारण त्यांच्या सुना माहेरी जात होत्या.

हरकत नोंदवायला अजून चार दिवस होते. त्यातले दोन दिवस मी वही कपाटात ठेवली आणि कोणाशी काही बोललो नाही. हे मी लपवत नाही. माझ्या मुलांना मी नेहमी सांगत आलो की उत्तर चुकलं तर खोडून पुन्हा लिहा, लाज वाटायचं कारण नाही. पण इथं उत्तर चुकून माझ्या बाजूचं आलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वत्सलाला सांगितलं. ती अळीव भिजत घालत होती.

"तुम्ही बोलला नाहीत तर कोणाला कळणार आहे?" ती म्हणाली.

"कोणालाच नाही."

"मग झालं तर." तिनं वाटीवर झाकण ठेवलं. थोड्या वेळानं म्हणाली, "त्या सतरांत लहानात लहान केवढी आहे?"

"सहा वर्षांची. मुलगी आहे."

"वसतिगृहात जाईल?"

"जाईल."

"केतकीची वेणी मी पाचवीपर्यंत घालत होते," वत्सला म्हणाली. "सहाव्या वर्षी स्वतःची वेणी येते का हो घालता?" आणि ती माझ्याकडे न बघता बाळंतिणीच्या खोलीकडे हातानं दाखवून म्हणाली, "जा. आधी तिला सांगा."

खोलीत ओव्याचा वास होता. केतकी मघाला मांडीवर घेऊन बसली होती. मी वही तिच्यासमोर ठेवली आणि समास दाखवले. पाथरवाडीचं सांगितलं. ती एकेक पान बघत गेली. तिच्या वर्गातल्या मुलींची मुलं होती ती, तिच्या ओळखीची नावं.

"तुझं गणित चुकलं असं नाही म्हणत मी," मी म्हणालो.

"गणित नाही चुकलं, अण्णा. मी चुकले." ती हळू बोलत होती, बाळ नुकतंच झोपलं होतं. "तारे जिथं जन्मतात तिथंच राहत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. मध्यात जन्मलेला तारा सरकत सरकत कडेला जातो. दुसऱ्या दीर्घिकेत जन्मलेला आपल्यात येऊन राहतो. आणि प्रकाश तर फसवतोच. चार तरुण तारे इतके उजळ असतात की हजार म्हातारे त्यांच्यापुढे दिसत नाहीत, वाटतं की सगळी दीर्घिका तिथंच एकवटलीय. ते सगळं मी दीर्घिकांसाठी दुरुस्त केलं होतं. गावांसाठी कोणी विचारलं नाही."

"तू विचारायचंस."

"हो." ती मघाच्या जावळावरून बोट फिरवत राहिली. "यादी लागायच्या आधी त्यांनी मला नकाशा पाठवला होता. तपासून द्या म्हणाले. साडेपाचशे गावं होती. मी आधी आपलं गाव शोधलं. हिरवं दिसलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी पुढे बघितलंच नाही."

मीही पेढा खाल्लाच होता.

त्या दुपारी, मघा झोपल्यावर, तिनं गणित पुन्हा चालवलं. बदल लहानसाच होता. जन्म कुठं झाला हे न विचारता, तीन महिन्यांनी बाळाला लस कुठं टोचली ते विचारायचं. एवढंच. बऱ्याच गावांचे रंग पालटले. पाथरवाडी हिरवी झाली. कारंबमाचीच्या चौकटीत तांबडा ठिपका आला आणि खाली ओळ उमटली: जनन थांबलेलं, अलीकडेच. अंदाजे साडेसात वर्षांपूर्वी.

आम्ही दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात शंभू सायकलच्या टायरला काठीनं पळवत होता. साडेसात वर्षांचा.

हरकत आम्ही दोघांनी मिळून केली. तिनं गणित लिहिलं आणि मी वही घेऊन तालुक्याला गेलो. साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी पानं चाळली.

"गुरुजी, पेन्सिलीचं लिखाण पुरावा म्हणून चालत नाही."

"म्हणूनच आणलंय," मी म्हणालो. "यावर शाई असती तर मी आलोच नसतो."

ते वाचत शेवटच्या नावापर्यंत आले. "एकेचाळिसांपुढे गाव लिहिलंय. हिच्यापुढे नाही?"

"ती अजून गेलेली नाही."

एप्रिलअखेरीला नवी यादी लागली. हौसाबाई त्या दिवशी पेढे घेऊन आल्या नाहीत. पारावर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "जन्मभर पोरांना बेरीज शिकवलीत आणि शेवटी स्वतःच वजाबाकी करून आलात." मी मान खाली घातली. तेव्हा त्या जवळ आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "माझी दोन नातवंडं आहेत त्या वहीत. पनवेल लिहिलंय ना पुढं? मलाबी ठाऊक होतं हो, गुरुजी. पर बरं वाटायचं."

मे महिन्यात मी पाथरवाडीत दारोदार फिरलो. नवी वही घेतली होती. कोणालाही 'मूल कुठं झालं' असं विचारलं नाही. 'रात्री इथं कोण कोण झोपतं?' एवढंच विचारलं आणि नावं पेन्सिलीनं लिहिली. बारा पाळणे आणि जूनमध्ये पहिलीत येणारी पाच मुलं. लोकांना आधी गंमत वाटली. मग एक बाई आतून शेजारणीला हाक मारून म्हणाली, "अगं, ये, मास्तर जागा राखतायत."

केतकी जूनच्या पहिल्या आठवड्यात गेली. वत्सलानं तिची ओटी भरली, डिंकाच्या लाडवांचा डबा बांधला आणि विमानात तूप नेऊ देत नाहीत यावरून विमानकंपनीला नावं ठेवली. ते रडण्यापेक्षा सोपं होतं. गाडीत बसताना केतकीनं मघाला माझ्या हातात दिलं.

"अण्णा, तिकडे शनिवारी सकाळी मी मोकळी असते. तुमची संध्याकाळ असेल. वर्ग घेऊ का पाथरवाडीचा?"

"घे. दुर्वानं प्रश्न काढून ठेवलेत."

"काय विचारतेय?"

"थांबलेली दीर्घिका पुन्हा सुरू होते का."

"कधी कधी होते. बाहेरून थंड वायू आला तर थोडे तारे पुन्हा जन्मतात. फार कमी वेळा. पण होते. सांगा तिला."

"तूच सांग," मी म्हणालो.

मघानं माझं बोट धरलं होतं. ते सोडवायला केतकीला तिचं एकेक बोट उघडावं लागलं.

पंधरा जूनला सकाळी जीप आली. पाथरवाडीत पाचवीचाही वर्ग होता, म्हणून दुर्वाही होती. सतरा मुलं एका जीपमध्ये मावत नाहीत, पण चार मावतात आणि एक म्हातारा मावतो. निघायच्या आधी मी जुन्या शाळेचं दार ओढून घेतलं, कडी लावली. शंभू म्हणाला, "गुरुजी, कुलूप?" मी म्हणालो, "आत काय आहे चोरायला?" जुळ्यांपैकी एक म्हणाली, "पडदा आहे." मग मी कुलूप लावलं. ती बरोबर होती.

घाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरत होत्या. दुर्वा बाहेर बघत विचारात पडली होती. "गुरुजी, आपण आता कडेचे तारे झालो ना? बाहेरून आलेले?"

"हो."

"परत न जाणारे पाहुणे."

"तुम्ही संध्याकाळी चारला परत जाणार आहात," मी म्हणालो. "अभ्यास झाला तर."

पाथरवाडीच्या शाळेच्या दाराबाहेर चपला होत्या. मी मोजल्या नाहीत, पण रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली होती. रेश्मानं पहिलीची पाच मुलं समोर बसवली होती. त्यातली ती सहा वर्षांची मुलगी रडत होती. वेणी घट्ट घातलेली, लाल रिबीन. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि नवी वही उघडली.

"हे बघ. तू यायच्या आधीच तुझं नाव इथं येऊन बसलंय."

ती बघत राहिली. मी खिशातून शाईचं पेन काढलं. दोन वर्षं उघडलं नव्हतं, शाई वाळली होती. टोक कागदावर तीन-चारदा घासावं लागलं, मग निळी रेघ उमटली. मी तिच्या नावावरून पेन फिरवलं, सावकाश, तिला प्रत्येक अक्षर दिसेल असं. तिचं रडणं थांबलं. पाचही नावांवर शाई चढली.

जुनी वही माझ्याकडे घरी आहे. पेन्सिल कितीही जपली तरी कागदावरून विरत जाते, म्हणून दर जूनमध्ये मी बेचाळिसाव्या नावावरून पुन्हा पेन्सिल फिरवतो. त्याच्यापुढचा समास मात्र कोराच आहे. तिथं गावाचं नाव लिहायला हवं हे मला कळतं. मुलांनी असं अर्धवट ठेवलं तर मी त्यांना पूर्ण करायला लावतो. वत्सलानं एकदा ते पाहिलं. पेन्सिलीला टोक करून तिनं ती पुन्हा वहीत ठेवली.